किल्लीताईच्या दाराचं कुलूप

गल्लीत तिला सगळे किल्लीताई म्हणत. बापाने हातात कानस दिली तेव्हा ती दोन वेण्या घालणारी पोर होती. आता केस पिकायला लागले, तरी कानस काही सुटली नव्हती. खाली कुलपांचं दुकान, वर एक खोली, आणि मधल्या लाकडी जिन्यावर स्क्रू-स्प्रिंगांचे डबे. लग्न तिने केलं नाही. "कुलपं पुष्कळ आली, किल्ली एकाला जुळेना," असं ती आपणहूनच सांगून टाकायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला जागाच उरायची नाही.

तिचा एक नियम होता, बापाकडून आलेला. किल्ली हरवली म्हणून कुणी दार उघडायला बोलावलं, की आधी दोन शेजारी समोर आणायचे. घर याचंच आहे असं त्यांनी सांगितलं, की मगच कुलपाला हात. एकदा समोरच्या इमारतीतले मुख्याध्यापक आंघोळीहून पेपर घ्यायला बाहेर आले आणि मागे दार धाडकन लागलं. हिने त्यांच्याच शाळेत धुळाक्षरं गिरवलेली. तरी शेजारी येईपर्यंत बिचारे जिन्यात टॉवेल सांभाळत उभे! पण हिच्या याच खाक्यामुळे कोर्टाचा बेलिफही तिलाच बोलवायचा. हरलेला माणूस घराला कुलूप घालून पसार झाला, की कब्जा द्यायला बेलिफ जायचा आणि कुलूप किल्लीताई उघडायची. नवं कुलूप बसवायची, सगळ्या किल्ल्या जिंकलेल्याच्या हातात द्यायची आणि खाली मान घालून घरी यायची.

अशा बाईला फसवायची परक्याची काय टाप! त्याला घरचंच माणूस लागतं.

ते घरचं माणूस म्हणजे दादा, तिचा थोरला भाऊ. बापाने जागा घेतली तेव्हा मुलगा म्हणून कौतुकाने कागद त्याच्या नावावर केला होता. दादाने जन्मात कानस धरली नाही. बोटाला तेल लागलं तरी रुमाल शोधायचा. तो विमा कंपनीत साहेब झाला. बाप जाताना मृत्युपत्र करून गेला, की दुकान आणि खोली मुलीची. दादाने दावा लावला. खालच्या कोर्टाने सांगितलं, पैसा बापाचा होता, मुलाचं फक्त नाव, जागा मुलीची. दादाने वरच्या कोर्टात अपील केलं.

आणि एका दुपारी तोच दादा दुकानात येऊन बापाच्या स्टुलावर बसला. डोळ्यांत पाणी.

"छकुले, आपण एका ताटात जेवलेली माणसं. लोकांपुढे किती दिवस भांडायचं? अपील मी काढून घेतो."

"खरंच?"

"बाबांची शपथ. तुझ्या वकीलबाईंना सांग, आता यायची गरज नाही. आणि कोर्टाची पाकिटं आली तर मला दे. ते सगळं निस्तरतो मी."

छकुली! बाप गेल्यापासून तिला या नावाने कुणी हाक मारली नव्हती. बाई तिथेच विरघळली.

आता येऊ नका असं तिने फोनवर कळवलं, तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "ताई, एवढं तरी करा, त्यांच्याकडून लेखी घ्या."

"सख्ख्या भावाकडून लेखी घेऊ? शोभतं का ते?"

मुख्याध्यापकांना टॉवेलावर उभं करणारी ही बाई, भावाच्या वेळी एकही शेजारी बोलवायला विसरली. कोर्टाची पाकिटं येत गेली, ती न फोडता दादाला देत गेली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. किल्लीताई चढली तेव्हा जिंकली आणि चढली नाही तेव्हा हरली. वरच्या कोर्टापुढे एकच बाजू उभी राहिली, दुसरी फिरकलीच नाही. खालचा निकाल रद्द झाला. जागा दादाची ठरली.

हे तिला कळलं ते बेलिफ आला त्या सकाळी. त्याला बघून तिने सवयीने पिशवी खांद्याला लावली.

"कुठे जायचंय, साहेब?"

बेलिफ दारातच उभा राहिला. "कुठेच नाही, ताई. इथेच."

त्याच्यामागे दादा उभा होता, रुमाल हातात घेऊन. तिने वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आणखी वर दाद मागता येईल, मी कागद करायला घेते, पण आजचा कब्जा काही थांबणार नाही. तिने फोन ठेवला.

"दादा, शपथ कुणाची घेतली होतीस रे?"

"कायद्याने जे झालं ते झालं," दादा भिंतीकडे बघत म्हणाला.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणाऱ्याला साधी लाजही नाही. ती रडली नाही, पण आतून पार तुटली. बेलिफ चाचरत म्हणाला, "मी दुसरा कुलूपवाला आणतो."

"माझ्या दाराला दुसऱ्याचा हात नको."

गल्ली जमली होती. तिने वळून विचारलं, "घर याचं आहे, असं सांगणारे दोघं या पुढे." कुणीच हललं नाही. मुख्याध्यापक तर पाठ फिरवून चालू लागले.

बेलिफ हळूच म्हणाला, "ताई, हुकूम असला की शेजारी लागत नाहीत." हे तिला ठाऊक होतंच. आजवर त्याच्याबरोबर उघडलेल्या एकाही दारापुढे तिने शेजारी मागितले नव्हते.

तिने बापाने बसवलेलं कुलूप काढलं, नवं बसवलं, दोनदा फिरवून पाहिलं. काम नेहमीसारखंच चोख. तिन्ही किल्ल्या दादाच्या हातावर ठेवल्या. त्याने त्या रुमालाने पुसून खिशात टाकल्या आणि आवाज खाली आणून विचारलं, "छकुले, एखादी मागे ठेवली नाहीस ना?"

किल्लीताईने खांद्यावरची पिशवी काढली आणि पायरीवर उलटी केली. कानशी, चिमटे, कोऱ्या किल्ल्या, बापाचा चष्मा, सगळं खळकन सांडलं.

"बघून घे," ती म्हणाली.

आणि दादा खरोखरच वाकून बघू लागला.