दोघींचा एक जून

एका निर्दोष बाईच्या नावापुढे मी दुसऱ्याच बाईवरचा चोरीचा संशय लिहून दिला. तपास माझा, शिफारस माझी, मूर्खपणाही माझाच. नोकरीत माझ्या हातून सुटलेले चोर आता आठवत नाहीत. ही बाई अजून आठवते.

सेवेची शेवटची वर्षं मी लंडनमध्ये पोलिसांच्या डिस्क्लोजर विभागात काढली. काम बैठं. इंग्लंडमध्ये नर्सची अधिकृत नोंदवही असते. म्हाताऱ्यांना आंघोळ घालणाऱ्या, जेवू घालणाऱ्या केअररची नसते. त्यामुळे त्यांच्या बाबतीत सगळी भिस्त डीबीएस नावाच्या चारित्र्य-पडताळणीवर. अर्जदाराबद्दल आमच्या दप्तरात काही आहे का आणि ते प्रमाणपत्रावर छापायचं का, हे आमच्या टेबलावर ठरे. भारतीय नाव आलं की सहकारी फाईल माझ्याकडे सरकवत. मीही तज्ज्ञासारखा आधी चष्मा पुसून घ्यायचो.

ही फाईल लंडनच्या हॅरो भागातल्या एका मराठी केअररची होती. तिला कामावर पाठवणाऱ्या एजन्सीची नेहमीची फेरतपासणी. नाव इतकं सर्रास की इथल्या गणपतीच्या हॉलमध्ये हाक मारली तर चार जणी वळतील. दप्तरात त्याच नावाची एक बाई निघाली. एका वृद्धेच्या घरातून बांगड्या गेल्या म्हणून अटक, पुराव्याअभावी सुटका. जन्मतारीखही तीच, एक जून, सालही तेच. राहणारी हॅरोचीच. मी खूश! असं काही छापण्याआधी अर्जदाराचं म्हणणं मागवावं लागतं. मी पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. ते पत्र मी अर्जावरचा नवा पत्ता सोडून तिच्या जुन्या खोलीच्या पत्त्यावर धाडलं होतं, हे नंतर कळलं. तेव्हा मात्र मी धरून चाललो, की हिला बोलायला तोंड नाही. माझ्या भरवशावर वरिष्ठांनी मंजुरी दिली.

प्रमाणपत्र हातात पडल्यावर बाईने ते प्रामाणिकपणे एजन्सीत नेऊन दाखवलं. त्याच दिवशी तिला घरी बसवलं. तिचा व्हिसा त्या नोकरीवर होता. नोकरी गेली तर दुसरा मालक शोधा, नाहीतर विमान पकडा.

मग एक फोन आला. ऑपरेटर म्हणाली, "एक आजी कुठल्यातरी भाषेत रागावताहेत, तुमचीच असावी." आजी मुंबईहून आलेल्या ज्यू, नव्वदीच्या घरातल्या. इंग्रजी फर्डं, पण रागवायला त्यांना मराठीच लागायचं.

"तुम्ही मराठी आहात?"

"हो, आजी."

"मग थोडी लाज वाटू द्या. माझ्या मुलीला चोर ठरवलंत."

मुलगी म्हणजे केअरर. दोन वर्षं ती त्यांच्याकडे जात होती. आजींचे हात कापत. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सब्बाथचे, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावायचे, मावळल्यावर वीजसुद्धा लावायची नाही, तर ही त्यांचा हात धरून काडी ओढायला मदत करायची. आता रोज नवी केअरर येत होती आणि दिव्यांची वेळ व्हायच्या आधी, चारलाच निघून जात होती.

"तीन शुक्रवार झाले," आजी म्हणाल्या. "अंधारात बसून काय प्रार्थना म्हणायची ती म्हणते. आणि बांगड्यांचं म्हणाल तर माझ्या कपाटाची किल्ली तिच्याकडेच असते. मोजून घ्या येऊन."

मी बाईला बोलावलं. ती कागदांची फाईल छातीशी धरून आली. मी जुन्या सवयीने आवाज चढवला.

"बांगड्या कुठे विकल्या?"

"कुणाच्या, साहेब?"

"बाई, नाव तुमचं आहे. जन्मतारीख तुमची आहे."

"नाव वडिलांनी दिलं. तारीख मास्तरांनी. आमच्या वर्गात निम्म्या पोरींचा एक जूनच होता, साहेब. आई सांगायची, मी झाले तेव्हा बाजरी काढणीला आली होती."

मी पेन खाली ठेवलं. माझ्या पासपोर्टवरही एक जूनच आहे. आमच्याही गुरुजींनी दाखल्यावर अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्माला घातला होता. दर एक जूनला ऑफिसात माझ्यासाठी केक यायचा. बायको गेल्यापासून माझ्या नावाने येणारा तेवढाच. तो मी खोट्या दिवशी मुकाट्याने खात आलो, आणि हीच तारीख फाईलवर दिसली तेव्हा डोक्यात काही पेटलं नाही!

"बोटांचे ठसे द्याल?" मी विचारलं. "तुमची संमती लागते. त्या दुसऱ्या बाईचे आमच्याकडे आहेत."

"नाही जुळले तर परत कामावर जाता येईल?"

"जाता येईल."

"मग दहाही बोटांचे घ्या."

ठसे जुळले नाहीत. नवं प्रमाणपत्र निघालं, एजन्सीने तिला परत घेतलं. पुढे तारीख एक जून दिसली की मी आधी ठशांची चौकशी करायचो. सूचनापुस्तिकेत तसा परिच्छेदही घातला. कुणाच्या चुकीमुळे घातला हे लिहिलं नाही, एवढी अक्कल शिल्लक होती. पण या प्रकरणाने मला खरं शिकवलं ते पुस्तिकेत बसणारं नाही. मी एक ओळ लिहिली आणि माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर एक म्हातारी तीन शुक्रवार अंधारात बसली. चोर पकडताना नुकसान असं गुपचूप होत नाही. तिथे निदान कुणी ओरडतं तरी.

माफी पत्राने पाठवायची पद्धत आहे. मी आजींच्या घरी स्वतः गेलो. तिथे कामावर असलेल्या त्या बाईची माफी मागितली. ती म्हणाली, "होतं, साहेब," आणि चहा टाकायला गेली. चहा झाला. दुसराही झाला. मग मी आजींना पोलिसातले जुने किस्से सांगू लागलो, मिल्टन कीन्सला राहणाऱ्या माझ्या मुलाचा फोन हल्ली कसा कमी येतो तेही सांगितलं. आजी हाताची घडी घालून ऐकत होत्या. शेवटी त्या केअररला म्हणाल्या,

"याची माफी दहा मिनिटांत संपली होती. दोन तास झाले, हा उठत नाही. एवढी वर्षं पोलिसात काढली म्हणतो, आणि याच्या घरी कोणी नाही एवढंही याला लपवता येत नाही."