दिराचे शर्ट

माझ्या माहेरी, रोह्याला, गोधडीत काय घालायचं याचा कुणी फारसा विचार करत नसे. जे फाटेल ते आत जाई. आई तर न फाटलेलंही घालायची. वडील आपली लुंगी शोधत घरभर फिरायचे आणि ती लुगड्यांच्या थरांखाली टाके खात पडलेली असायची. सासरी, पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात, तसं चालत नाही हे मला लग्नानंतर कळलं. इथे गोधडीत जातं ते टाकून दिलेलं कापड किंवा गेलेल्या माणसाचं. जो परत येऊन कपडे घालणार आहे, त्याचं धडकं कापड कुणी गोधडीत घालत नाही.

म्हणून माझ्या धाकट्या दिराचे शर्ट पेटीतच होते.

दीर धरमतरला बार्जवर कामाला होता. एके दिवशी कामावर गेला तो आला नाही. बरोबरचे लोक म्हणाले, मागच्या बाजूला उभा होता, मग नव्हता. खाडी शोधली, पोलीस झाले, भगतही झाला. काही सापडलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे त्याच्या बातम्या येतात. कोलाडच्या हॉटेलात जेवताना कुणी पाहिला, वडखळच्या नाक्यावर अलिबागच्या गाडीत चढताना कुणी पाहिला. नेहमी पाठमोरा. माझा नवरा प्रत्येक वेळी हातातलं काम टाकून जायचा. परत आला की पाय धुवायचा आणि टाकलेलं काम पुन्हा हातात घ्यायचा. दिराची बायको, माझी जाऊ, रोह्याच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. कुंकू लावून जाते. गावात त्याबद्दल तिला कुणी काही म्हटलेलं नाही, निदान तोंडावर.

सासूबाई दर उन्हाळ्यात ते शर्ट धुऊन वाळत घालायच्या. मला ती पेटी अडचणच वाटायची, केर काढताना दर वेळी पायाला लागायची. पण शर्ट कितीही वाळवले तरी त्यांचा खाडीचा वास जात नसे. हवा खारी, भिंतीला ओल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. माझं साड्यांचं कपाटही त्याच भिंतीला आहे. साड्यांना तो वास येत नाही.

यंदा थंडी पडायच्या आधी सासूबाईंनी पडवीत लुगडी पसरली. शेजारच्या काकूला बोलावलं. आमच्याकडे गोधडी कडेकडून आत शिवत जातात, चौघी चार बाजूंना बसून. शेवटी मधे वीतभर जागा उरते, तिथे भाकरीचा तुकडा ठेवून शिवून टाकतात. गोधडीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. मी थर सारखे केले, कडांवर दगड ठेवले. सासूबाई आत गेल्या आणि शर्ट घेऊन आल्या. सुई ओवता ओवता काकूचा हात थांबला.

“बटणं काढ गो,” सासूबाई मला म्हणाल्या.

मी ब्लेड आणलं, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही. धाकटीला सांगितलंत का, म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या की, मी गेल्यावर तुम्ही पेटी भंगारात द्याल. ते खोटं नव्हतं. मग खाली बघत म्हणाल्या, “तो खाडीत हाय. मला तो अंगावर पायजे.”

मी बटणं काढली.

जाऊ पहिली शिफ्ट करून दुपारी आली. पायरीवरूनच तिला दिसलं. काकू उगाचच, चहा ठेवते, म्हणाली आणि जागची हलली नाही. सासूबाईंनी सांगितलं, तू नको म्हणालीस तर आत्ता उचलते. जावेने डब्याची पिशवी खुंटीला अडकवली, हात धुतले.

“बटणं काढलीत?” तिने मला विचारलं.

मी हो म्हटलं.

“मग आता काय उचलता.”

चौथी बाजू रिकामी होती, तिथे बसली. इतके बारीक टाके घालायला लागली की काकूने विचारलं, गोधडी शिवतेस की ब्लाउज? जाऊ हसली. मधली जागा आली तेव्हा भाकरीचा तुकडा तिनेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे, बघत नसल्यासारखे, तिच्या कपाळाकडे बघत होतो. तिने रोजच्यासारखं कुंकू लावलं आणि कंपनीची बस पकडायला गेली. ती वळणाआड गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, “माझा गेला. तिचा तिने ठरवावा.”

सासूबाईंना आता झोप लागते. सकाळी गोधडीची घडी मी घालते. त्यांच्या अंगावरून नुकती काढलेली असते, तरी हाताला गार लागते. जाड आहे, म्हणून असेल.

मागच्या आठवड्यात नवऱ्याच्या मोबाईलवर फोटो आला. वडखळचा नाका, अलिबागची गाडी, गर्दी आणि एक पाठमोरा माणूस, डावा खांदा उतरता. दिराचा तसाच होता. नवऱ्याने फोटो बघितला, खाटेवरच्या घडीकडे बघितलं आणि मोबाईल पालथा ठेवला. आईला सांगू नको, एवढंच म्हणाला. बरं झालं, एकदाचं संपलं, असं मला वाटलं. मी भाजी चिरायला घेतली. अर्धी चिरून झाल्यावर उठले, चप्पल घातली आणि रिक्षा करून वडखळला गेले.

फोटोतली गाडी केव्हाच गेलेली असणार हे मला कळत होतं. तरी मी नाक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. प्रत्येक पाठीमागे थोडी थांबत होते. एका बाईने विचारलं, कुणाला शोधता? दिराला, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तशीच पुढच्या पाठीकडे वळले.

घरी आले तर जाऊ ओट्याशी होती. उरलेली भाजी तिने चिरून फोडणीला टाकली होती. फोटो तिलाही आला होता.

“कोण होता?”

“गाडी गेली होती. होते त्या सगळ्यांच्या पाठी बघितल्या.”

“पुढच्या वेळी समोरून बघा, ताई,” ती म्हणाली, आणि माझं ताट वाढायला घेतलं.