कापसाला अडकलेली काच

आज मी जे काही आहे, ते आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांमुळे. वडील एस.टी. डेपोत गाड्या धुवायचे. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. सर पुण्याच्या कला महाविद्यालयाचा फॉर्म घेऊन घरी आले आणि वडिलांची सही होईपर्यंत त्यांनी चहाला हात लावला नाही. त्या सहीवर मी पदवीधर झालो.

आता मी कात्रजला राहतो आणि कर्वेनगरमधल्या एका कार्यशाळेत रंगीत काचांची मोझेक चित्रं करतो. कार्यशाळेच्या मालकीण, आमच्या ताई, चित्र काढतात आणि काच कापतात. कापलेल्या तुकड्यांची धार मोडणं माझ्याकडे. ओल्या फिरत्या चाकावर प्रत्येक कड टेकवायची, मग भिजवलेला पॉलिश पेपर फिरवायचा आणि शेवटी अंगठा. अंगठ्याला टोचलं नाही की तुकडा पास. आठ वर्षं माझी हीच पद्धत.

मागच्या हिवाळ्यात अंध मुलांच्या एका शाळेचं काम आलं. व्हरांड्यातल्या भिंतीवर, मुलांचे हात पोचतील इतक्या उंचीवर, एक नदी हवी होती. पाणी, मासे, काठावरचं गवत, सगळं हात फिरवून कळेल असं. सोमवारी ती बसवायची होती. शुक्रवारी सगळे तुकडे फळीवर चिकटले, फक्त सांधे भरायचे राहिले. त्या दुपारी शाळेतले एक शिक्षक चित्र तपासायला आले. ते स्वतः दृष्टिहीन. त्यांनी सावकाश हात फिरवायला सुरुवात केली. माशाच्या शेपटीपाशी बोट झटकन मागे घेतलं. बोटावर रक्ताचा बारीक थेंब होता.

ताईंनी घाईघाईनं सांगितलं, की प्रत्येक तुकडा हातानं तपासलेला आहे. शिक्षकांनी विचारलं, "कुणाच्या हातानं?"

मी म्हणालो, माझ्या. त्यांनी माझा हात मागितला आणि माझ्या अंगठ्यावरून आपलं बोट फिरवलं.

"अहो, हा अंगठा आहे की टाच?" ते म्हणाले. मग बोट रुमालात धरून शांतपणे म्हणाले, "आमची मुलं याच बोटांनी वाचतात. बोट कापलं की पुस्तक बंद."

ते गेले. शनिवारी सकाळी बसमध्ये मी सीटच्या पत्र्यावर, खिशातल्या किल्लीच्या दात्यांवर अंगठा घासून पाहत होतो. सगळं सारखंच गुळगुळीत लागत होतं. किती दिवस असं होतं, कोण जाणे. कोणता तुकडा घासायचा, हेच मला कळणार नव्हतं.

कर्वेनगरच्या थांब्यावर उतरलो आणि मेडिकलच्या दुकानासमोर पाय थांबले. तालुक्याच्या शाळेत चित्रकलेचे सर आम्हाला फुटक्या बांगड्यांची चित्रं करायला लावायचे. पाण्याच्या टाकीच्या दगडी पायरीवर आम्ही तुकडे घासायचो. सर कधी बोट लावून बघत नसत. देवाच्या वातीचा कापूस खिशातून काढून कडेवरून फिरवायचे. तंतू अडकला, की तुकडा परत.

मी कापसाची पाच बंडलं मागितली. दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "एवढं कुणाला लागलं?"

"अजून कुणाला नाही," मी म्हणालो. ते खरं नव्हतं.

शनिवार आणि रविवार मी कडेकडेनं कापूस फिरवला. मध्येच उठायचो, हात धुवायचो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. नदीत सतरा ठिकाणी पांढरे तंतू उभे राहिले. ताई बघत होत्या. म्हणाल्या, "नदीत बगळे उतरलेत रे तुझ्या." आणि दुसरा पॉलिश पेपर घेऊन समोर बसल्या.

सांधे भरून सोमवारी नदी भिंतीवर गेली. तरी माझं मन ठिकाणावर येईना. पाण्यात एक गर्द हिरवा तुकडा होता. त्याच्यावरून कापूस फिरवताना मला दुसरा एक हिरवा तुकडा आठवला होता. घरी येऊन मी सरांना पत्र लिहिलं.

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

आज मुलांनी आमची नदी दोन्ही हातांनी पाहिली. कुणाला लागलं नाही. हे तुमच्या कापसामुळे झालं.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. दहावीच्या निरोपाला आमच्या वर्गानं तुम्हाला बांगड्यांचा मोर दिला. त्याच्या पिसाऱ्यात उजवीकडे, अगदी खाली, एक हिरवा तुकडा आहे. तुम्ही कापूस फिरवल्यावर त्याला तंतू अडकला होता आणि तुम्ही मला तो तुकडा परत घासायला दिला होता. तास संपत आला होता. मी नखानं तंतू काढला आणि तुकडा तसाच चिकटवला. तुम्ही विचारलंत तेव्हा घासला म्हणालो.

मागे तुमच्या घरी आलो तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, की तो मोर तुम्ही दर दिवाळीला स्वतः पुसता. इतकी वर्षं तुमच्या बोटाला लागलं असेल आणि तुम्ही बोलला नसाल. या रविवारी मी पॉलिश पेपर आणि कापूस घेऊन येतो. तोवर कृपा करून मोराला हात लावू नका.

आपला विद्यार्थी