चिंधीचा बाप जिन्यात दोनदा बसतो

मी शाळेत ग्रंथपाल आहे. छापलेलंही दुसऱ्या पुस्तकात पडताळून घेणारी... भुताखेतांना माझ्याकडे कधीच जागा नव्हती. तरी हे लिहिते आहे, हळूहळू.

आम्ही सुरतला, नवागामात राहतो. आई गेली त्याला तेव्हा दीड महिना झाला होता. वडिलांचं – आबांचं – हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. हृदयाला ते झेपेल का, हे तपासायला हार्टच्या डॉक्टरांकडे गेलो. सकाळचे अकरा वाजले होते.

"काका, दो माला चढने में सांस फूलती है?"

"बिलकुल नहीं. अभी भी लूम चला दूँ!" आबा म्हणाले. जन्म पॉवरलूमवर गेलेला.

ईसीजीचा कागद बाहेर राहिला होता, तो आणायला मी गेले. पाचेक मिनिटांनी आले तर डॉक्टरांचा चेहरा गंभीर.

"अभी ऑपरेशन नहीं. पहले अँजिओग्राफी. अच्छा हुआ काकी ने बता दिया."

"कौन काकी?"

"यहीं तो बैठी थीं..." त्यांनी आबांशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "और ये चिंधी कौन है?"

मी टेबलावरचा केसपेपर ओढून घेतला.

माझ्याआधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी आईनं मला चिंधी म्हटलं. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. 'चिंधीना बाप' म्हणायची. बाकी सगळ्यांसाठी मी सुनंदा. आबांसाठी ताई.

केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं होतं – पत्नी सांगते, चिंधीचे वडील गच्चीवर जाताना जिन्यात दोनदा बसतात, छाती चोळतात.

गच्चीवर आईची तुळस आहे. तिला शेजारीण पाणी घालते, असं मी समजत होते.

"आबा, इथे कोण होतं?"

"कोनी नही. मी एकलाच." मग मान खाली घालून, "पन बसस मी, दोन दाव. खरं शे."

दोन ब्लॉकेज निघाले. वेळेवर कळलं, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या तपासणीला मी त्यांना मोबाईलमधला आईचा फोटो दाखवला.

"हां, यही. आज नहीं आईं?"

मी मोबाईल पर्समध्ये ठेवला.

घरी येताना रिक्षात आबा डोळे पुसत हसले.

"मरी गई, तरी चुगली सोडी नही तिनी!"