बरणीतला गाळ

“वाळलेल्या गाळाला जमीन म्हणायचं का, हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही,” संयोगिता एकदा म्हणाली होती. वीस वर्षं ती हेच काम करत होती. धातू काढून घेतल्यावर खाणीत जो ओला चुरा आणि दगड उरतो, तो गाळ कुठं साठवायचा, त्याला बांध किती उंच घालायचा, याचे नकाशे काढायचे. खाणी परराज्यांत, ऑफिस सांगलीत, रसवंतीच्या वरच्या मजल्यावर.

ती कोयनानगरची, भूकंपाच्या गावची. लहानपणी घरी फळीवर तांब्यावर तांब्या पालथा ठेवलेला असे. तो पडला की पोरांनी अंगणात पळायचं. सासरी पलूसलाही तिनं तसे तांबे रचले. सासू म्हणाली, “हितं काय हलत न्हाई गं.” तिनं ते काढले नाहीत.

या वेळी जुन्या गाळावरच तिसरा बांध चढवायचा होता. खाली शंभरेक घरांची वस्ती. हिशेब तिनं तीनदा केला. तिन्ही वेळा बांध उभा राहिला. तरी सही होईना. चूक सापडली असती तर बरं झालं असतं.

“आकडे तुमचेच हायत की,” ऑफिसचे मालक उदयसिंह म्हणाले.

“माझेच आहेत.”

“मग आडलंय कुठं?”

“गाळाचा नमुना उन्हाळ्यातला आहे. पावसाळ्यातला मागवा.”

“तवर खाण बंद ठेवू व्हय?”

टेबलावर त्याच गाळाची उघडी बरणी होती, वर कडक साय धरलेली. उदयसिंहांनी संयोगिताचा सहीचा शिक्का उचलून सायीवर उभा केला. “बघा. नवरदेवागत उभा हाय.”

खरंच उभा होता. कोयनेची भीतीच आपल्या अंगात राहिली असेल, असं तिला वाटलं. तिनं पेन उघडलं.

“तिथं कोयना न्हाई, ताई.” उदयसिंह शब्दाशब्दाला टेबलावर थाप मारू लागले. “तिथं. काय. हलत. न्हाई.”

हादऱ्यांनी सायीवर पाणी आलं. आत्तापर्यंत तर सगळं कोरडं दिसत होतं. शिक्का कलला आणि सावकाश मुठीपर्यंत आत गेला.

उदयसिंह रुमाल शोधू लागले. “बरणीचं काय धरून बसताय.”

तेही खरं असेल. बरणी म्हणजे काही गाळाचा तलाव नव्हे. आकड्यांवर विश्वास ठेवावा की या पाण्यावर, तिला ठरवता येईना. तिनं पेनाला टोपण लावलं. नकाशा होता तसा बिनसहीचा राहू दिला. शिक्क्यासकट बरणी दोन्ही हातांत धरून, जराही हिंदकळू न देता ती जिना उतरून गेली.