आधी गोणी, मग गळ

मुरलीधर टेंभेकरांनी आयुष्यात मासा तोंडात घातला नाही आणि आयुष्यभर मासे सोडून दुसरं काही धड पकडलं नाही, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं. मासा पकडायचा, ओल्या हातांनी क्षणभर धरायचा, खुशाली विचारल्यासारखं त्याच्याकडे बघायचं आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. "मग पकडता काहून?" हा प्रश्न अनसूयाबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात विचारला होता. उत्तर अजून यायचं आहे.

टेंभेकरांचं घर जबलपुरात तीन पिढ्यांचं. आजोबा तोफगाड्यांच्या कारखान्यात लागले, मग वडील, मग मुरलीधर. रांझी भागातल्या घरात देवघर एका कोपऱ्यात आणि मुरलीधरांचे गळ, रीळ, दोऱ्यांची भेंडोळी दुसऱ्या कोपऱ्यात. दोन्ही कोपऱ्यांना एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून अनसूयाबाईंनी मध्ये पडदा लावला होता. नर्मदा ही त्यांची मैया. एकादशीला ग्वारीघाटावर जाऊन त्या माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या, आणि आपण खाऊ घातलेल्याच जिवाच्या जबड्यात रविवारी आपला नवरा आकडा अडकवतो, या विचाराने त्यांचा घास अडायचा.

निवृत्तीनंतर या माणसाचा नाद सुटायच्या ऐवजी वाढला, पण त्याला एक वेगळंच वळण लागलं. गळाला माशापेक्षा पॉलिथिन जास्त लागायला लागलं. बाकीचे दोरी कापून मोकळे व्हायचे. मुरलीधर कधीच कापायचे नाहीत. तासभर लागला तरी चालेल, पण अडकलेलं बाहेर काढायचे आणि पिशवीत भरून घरी आणायचे. पुढे कारखान्यातले जुने दोस्त सोबत आले, मग कॉलेजात शिकवणारी शेजारची समिधा आली, मग तिच्या ओळखीची मंडळी. बघता बघता दरवर्षी नर्मदा जयंतीच्या आधीच्या रविवारी तिलवाऱ्याच्या बरंच खाली, घाटापासून लांबच्या एका डोहावर तीसेक माणसं जमायला लागली. परवानगी काढलेली, नियम एकच आणि तो मुरलीधरांचा: आधी गोणी, मग गळ. ज्याची गोणी भरली नाही, त्याने रॉडला हात लावायचा नाही. मग तो कितीही मोठा साहेब असो.

अनसूयाबाई तिथे कधी गेल्या नव्हत्या. या वर्षी गेल्या, कारण हा मुरलीधरांचा शेवटचा रविवार होता.

झालं असं, की दसऱ्याच्या सुमारास मुरलीधरांच्या छातीत कळ आली. दवाखान्याच्या बाकावर बसून अनसूयाबाईंनी हात जोडले, "मैया, यांना घरी येऊ दे. तुला चुनरी चढवीन आणि यांचा गळ सोडवीन." मैयाने ऐकलं. स्टेंट बसला, माणूस घरी आला. कार्तिकी पौर्णिमेला ग्वारीघाटावर साड्या जोडून शिवलेली लांब चुनरी मैयाच्या धारेत सोडून झाली. नवसाचा दुसरा भाग नवऱ्याच्या कानावर घालायचा राहिला होता, तो त्यांनी एका दुपारी घातला. मनातल्या मनात भांडणाची पूर्ण तयारी करूनच बसल्या होत्या. मुरलीधरांनी हातातलं रीळ खाली ठेवलं.

"बोललीस न तू मैयाला?" त्यांनी विचारलं.

"बोलली."

"मग झालं. जयंतीची सफाई तेवढी होऊ दे. त्या संध्याकाळी रॉड समिधाला देऊन टाकतो."

एवढंच. आदळआपट नाही, टोमणा नाही. भांडले असते तर अनसूयाबाई जिंकल्या असत्या आणि विसरूनही गेल्या असत्या. हे मुकाट्याने ऐकणं त्यांच्या जिव्हारी लागलं. महिनाभर त्या चिडचिड करत होत्या, आणि कशावर चिडतोय ते काही त्यांना सांगता येईना.

तर त्या रविवारी थर्मास, औषधांची डबी आणि पोह्यांचा डबा मांडीवर घेऊन अनसूयाबाई डोहाकाठच्या खडकावर बसल्या होत्या. नवरा दम लागेपर्यंत काम करेल, तेव्हा ओरडायला कुणीतरी हवं, असं कारण त्यांनी समिधाला सांगितलं होतं.

खाली मुरलीधर हातमोजे वाटत होते. कारखान्यात नव्या पोरांना यंत्रावर उभं करताना दाखवावं, तसं प्रत्येकाला दाखवत होते: काच कशी उचलायची, दोरीचा गुंता कुठून धरायचा. एका तरुणाने गाळातून कपड्यांचा बोळा ओढला आणि नदीत कपडे सोडणाऱ्या लोकांच्या नावाने खडे फोडायला लागला. मुरलीधरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्यांनी भक्तीनं सोडलं बाबा. तू चिडून काहून काढतो?"

पोरगा वरमला आणि गुमान कामाला लागला. अनसूयाबाईंनी वरून ऐकलं. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस कुणावर आवाज चढवून बोलल्याचं त्यांना आठवेना, आणि आपला आवाज कधी खाली आल्याचंही. त्यांनी थर्मासचं झाकण उगाचच घट्ट केलं.

दुपार कलली तेव्हा गोण्या भरून काठाला ओळीने उभ्या होत्या. खोव्याच्या जिलब्यांचे पुडे फिरले, आणि मग ज्याची सगळे सकाळपासून वाट बघत होते तो शेवटचा तास आला. लोक आपापल्या जागा धरून बसले. बोलणं थांबलं. पाणी आता असं नितळ, की काठाजवळचा एकेक गोटा दिसावा. मुरलीधरांनी त्यांची जुनी जाड रॉड काढली, फडक्याने पुसली. मैयाच्या या डोहात मोठा महाशीर आहे, हे ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. त्यांच्या गळाला तो एकदाही लागला नव्हता. अनसूयाबाईंना मनापासून वाटलं, आज लागावा. देवाधर्माच्या बाईने असं मागावं का, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

तेवढ्यात नावाडी विष्णू बर्मन शेजारी येऊन उभा राहिला. "दादा, वो बीच वाली चट्टान देखो. लाल-लाल कुछ अटका है, कई दिन से. उधर नाव नहीं जाती, धार बहुत है."

मुरलीधरांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग दोरीला बांधलेला माशाचा बारीक गळ सोडवला आणि पिशवीतून चार नखांचा मोठा आकडा काढला. विहिरीत पडलेली बादली काढतात तसाच, पण लहान, त्यांनी स्वतः ठोकून घडवलेला.

अनसूयाबाईंचा पारा चढला. त्या तिथूनच ओरडल्या, "अहो! शेवटचा तास आहे न तुमचा? त्या चिंध्यांच्या मागे काहून लागून राहिले?"

"इतक्या दूर दुसऱ्या कोणाचा आकडा पोचत नाही न," मुरलीधर म्हणाले. त्यात बढाई नव्हती. खरंच पोचत नव्हता.

पहिली फेक हुकली. दुसरी धारेने ओढून नेली. तिसऱ्या वेळी आकडा खडकापलीकडे पडला, त्यांनी दोरी हळूच ताणली आणि ती अडली. रॉड खाली ठेवून त्यांनी दोरी हाताला गुंडाळली. ओढायला लागले तशी मानेवरची शीर फुगलेली अनसूयाबाईंना वरूनही दिसली. डबा, थर्मास तिथेच टाकून, साडी खोचून त्या खडकांवरून खाली उतरल्या. वाटेत एकदा घसरल्यासुद्धा.

"सोडा! सोडा म्हणते न! छातीत काय बसवलंय, विसरले का?" त्यांनी दोरी नवऱ्याच्या हातातून काढून घेतली. मागून समिधाने धरली, विष्णूने धरली, आणि अनसूया टेंभेकर जन्मात पहिल्यांदा गळाची दोरी ओढायला लागल्या. मुरलीधर बाजूला उभं राहून सांगत होते, "आता सैल... आता ओढा... झटका नका देऊ."

ते लाल कापड काठाला आलं. लांबच लांब, गाळाने जड झालेलं, नायलॉनच्या दोऱ्यात गुरफटलेलं. त्याच्या जाळीत काहीतरी तडफडत होतं. मुरलीधर गुडघाभर पाण्यात उतरले. जाळी कल्ल्यांपाशी आवळून रुतली होती आणि आत महाशीर होता. मोठा नव्हे, हातभर लांबीचा, सोनेरी खवल्यांचा.

"माझे दोन्ही हात अडकलेत," ते म्हणाले. "कात्री माझ्या खिशात आहे. तू काप."

"मी?"

"लवकर, अनसूया."

त्यांनी कात्री काढली आणि कापड हातात घेतलं, तेव्हा त्यांना किनार दिसली. सोनेरी, नागमोडी. कमानिया गेटजवळच्या दुकानात घासाघीस करून घेतलेली अशीच एक किनार त्यांना आठवली. अशा किनारी हजार जणी घेतात, असं मनाशी म्हणत त्या कापत गेल्या. माशाचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. कापता कापता कापडाचा कोपरा हातात आला. कोपऱ्यावर शिवलेला होता निळ्या चौकटीच्या शर्टाचा एक खिसा.

तो खिसा त्यांनीच शिवला होता. छातीत कळ आली तेव्हा नवऱ्याच्या अंगात तोच शर्ट होता. त्याचा खिसा कापून, आत कुंकवाच्या अक्षता भरून, हाच माणूस सांभाळ असं मैयाला सांगत त्यांनी तो चुनरीला जोडला होता. चार साड्या आणि लाल जाळी, रात्री जागून शिवलेली.

त्यांनी शेवटची जाळी कापली. मासा मोकळा झाला, पण हलेना. एका कुशीवर कलला. अनसूयाबाईंचे डोळे भरले. मुरलीधरांनी मात्र त्याला सोडलं नाही. दोन्ही तळहातांवर हलकेच तोलून, तोंड धारेकडे करून ते त्याला धरून राहिले. पोटाखाली एक हात, शेपटीपाशी एक. वेळ जात होता. उन्हं उतरली, त्यांचे पाय गारठले असणार, तरी ते तसेच वाकलेले होते आणि माशाशी हळू आवाजात काहीतरी बोलत होते. तापाने फणफणलेल्या लेकराशी बोलावं तसं. ज्या हातांना अनसूयाबाई आयुष्यभर बोल लावत आल्या, ते हे हात. त्यांनी ते इतक्या जवळून कधी पाहिलेच नव्हते. पकडता काहून, हा प्रश्न विचारायचं त्यांना आता कारणच उरलं नव्हतं.

मग कल्ले जोरात हलले. शेपटीचा एक फटका बसला, मुरलीधरांचा चष्मा भिजला आणि मासा गेला. काठावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मुरलीधर चष्मा पुसत बाहेर आले आणि बायकोच्या हातातल्या कापडाकडे बघतच राहिले. "हा माझा निळा शर्ट आहे न? हा तर धोब्यानं हरवला होता!"

"धोब्यानं नाही हरवला," अनसूयाबाई म्हणाल्या. "मी फाडला. ही माझी चुनरी आहे. त्या जिवाच्या गळ्याला फास माझ्या हातचा होता."

चुनरीचं ओझं मुरलीधरांनी हळूच बायकोच्या हातातून घेतलं, पिळलं, नीट घडी घातली. गोणीत नाही टाकली. "अगं, तू भक्तीनं सोडली होतीस," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांनी सकाळी कुणातरी पोराला ऐकवलं होतं. तेव्हा अनसूयाबाईंना ते बरं वाटलं होतं. आता मात्र त्यांना रडू कोसळलं, सगळ्यांसमोर, ओल्या साडीत.

अंधार पडायला आला. सामान बांधलं गेलं. मुरलीधरांनी रॉड फडक्यात गुंडाळली, गाठ मारली आणि ठरल्याप्रमाणे समिधापुढे धरली. समिधाने हात पुढे केला, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद काही नव्हता. आणि मध्येच अनसूयाबाईंनी ती रॉड ओढून घेतली.

"तुला नवीन घेऊन देऊ गं आपण. ही यांची आहे."

"आणि नवस?" मुरलीधरांनी विचारलं. ते खरंच घाबरले होते.

अनसूयाबाई पाण्याशी गेल्या. ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं, आणि घरच्या माणसाशी बोलावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "मैया, नवस मी बोलली आणि सोडायला लावलं यांना. असं नसतं करायचं. माझं चुकलं. सोडायचं तर मी सोडीन."

परतीच्या जीपमध्ये रॉड त्यांनी स्वतःच्या मांडीवर आडवी घेतली होती. रांझी जवळ येईपर्यंत मुरलीधरांनी धीर धरला, मग हळूच विचारलं, "काय सोडलं तू?"

"चुनरी. आणि रविवारची झोप," अनसूयाबाई म्हणाल्या. "पुढल्या रविवारी मला पण एक गोणी लागेल. आणि उद्या धोब्याकडे चला माझ्यासोबत. त्या शर्टावरून लई बोलली होती मी त्याला."