कांताबाईंनी न पाहिलेलं पाखरू

"तुह्या नाकासमोर बसलं होतं ते, अन् तू म्हणते नाई पाह्यलं?" लहानूजींनी पुन्हा तेच विचारलं.

"नाई पाह्यलं त नाई पाह्यलं," कांताबाई सुपातली तूर निवडत म्हणाल्या. "तुमी पाह्यलेलं मले काऊन दिसन? तुमाले त बिबट्याई दिसला होता."

सून मयुरी भिंतीकडे तोंड करून हसली. बिबट्याची गोष्ट सगळ्या देवळी गावाला पाठ होती. पाण्याच्या टाकीवर नोकरीला असताना लहानूजींनी सोयाबीनमध्ये बिबट्या पाहिला, वनखात्याची गाडी बोलावली, आणि निघालं तानबाचं कुत्रं. तेव्हापासून लहानूजींना कावळा दिसला तरी लोक साक्षीदार मागत.

कांताबाईंचं उलट. सगळी नोकरी उपकेंद्रात नर्स म्हणून गेली. "दुखणार नाही" असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. "दुखते, गुमान बस" म्हणायच्या आणि सुई टोचायच्या. म्हणूनच सिस्टरबाईंनी ताप उतरेल म्हटलं की घरचे निवांत डबा घेऊन कामावर जात.

आज सकाळी वर्ध्याहून पक्षी पाहणारी मंडळी आली होती, लहानूजींनीच फोन करून बोलावलेली. चिमणीएवढं पाखरू, पाठ मातकट, गळा लालभडक. मागच्या अंगणातल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, ढिगात राहतं आणि ऊन आलं की मोरीच्या ओलीवर किडे टिपतं. मंडळींतली आकांक्षा नावाची प्राध्यापक म्हणाली, असं पाखरू हिवाळ्यात पार पूर्वेकडे उतरतं, आपल्याकडे सहसा येत नाही. एवढे लोक पाहून पाखरू अर्थातच दडी मारून बसलं. मंडळींनी दोनदा चहा घेतला, मेथीचा वाफा तुडवला. निघताना आकांक्षानं विचारलं, "काकू, तुम्ही पाहिलंय का? तुम्ही सांगत असाल तर मी नोंद करते."

"नाई बाई," कांताबाई म्हणाल्या. "चिमणी असन."

पाखरू त्या रोज भांडी घासताना पाहत होत्या. जखमेवर लाल औषधाचा बोळा फिरवावा तसा त्याचा गळा. पण प्रश्न ढिगाचा होता. भावाच्या शेतातून फुकट मिळाली म्हणून लहानूजींनी ट्रॉलीभर पऱ्हाटी आणून टाकली होती. घरात स्वयंपाक गॅसवर. ढिगात उंदीर, विंचू, एकदा सापही. कांताबाईंना तिथे मोगरा लावून, खुर्ची टाकून, कुणाचाही ताप न मोजता बसायचं होतं. "उचलतो, उचलतो" म्हणता म्हणता दोन उन्हाळे गेले. त्यात आता दुर्मिळ पाखरू निघालं म्हणजे त्या ढिगाचं तीर्थक्षेत्रच झालं असतं.

कुंपणावरून शेजारच्या निकेशनं डोकं काढलं. "काय काका, मोर त नाई न आला आज?"

एरवी लहानूजींनी त्याचा उद्धार केला असता.

"नसन पाह्यलं रे म्या," ते म्हणाले. "डोये गेले आता."

मग ते मागच्या दारी गेले आणि ढिगावरची पऱ्हाटी उचलून भिंतीपाशी टाकायला लागले. रागानं नाही, आदळआपट नाही. बिबट्याच्या बाबतीत हा माणूस आजतागायत हटला नव्हता; बिबट्या गेल्यावर कुत्रं आलं, असंच म्हणायचा. आणि जे खरंच पाहिलं होतं, ते मुकाट्यानं सोडून देत होता.

कांताबाईंना हवं तेच चाललं होतं. त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला, मग चांगले दाणेही टाकले. मयुरीनं ते पाहिलं, पण सासूला सांगायची तिची छाती झाली नाही.

शेवटी कांताबाई सूप ठेवून मागच्या दारात उभ्या राहिल्या.

"ठेवा ते जागच्या जागी. मयुरी, त्या प्राध्यापक बाईले फोन लाव. मी पाह्यलं, रोज पाह्यलं म्हणून सांगतो. येणाऱ्याचा चहा तुमचे सासरे करतीन. हिवाळा सरला का पाखरू जाते; चौदा एप्रिलपर्यंत ढीग राहीन. पंधराले मी काडी लावतो, पाखराचं सामान निघालं असो की नसो."